तेलाच्या नळ्यांची निगा

आपल्या शेतावर लोखंड आलें तें प्रथम नांगराच्या रूपानें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं आपला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी पुष्कळांची समजूत होती. ती समजूत गेली, नांगर घरोघर झाला, आणि आज त्याचाच पलटी नांगर होऊन तो ट्रॅक्टरच्या मागें तेलाच्या दाबानें उलटतो व सुलटतो. जुन्या नांगराची निगा ती काय? फाळास धार लावून आणावी, पेचाच्या चाक्या आवळाव्या आणि अवजार कोरड्या जागीं उभें करून ठेवावें. तेलावर चालणाऱ्या अवजाराची गोष्ट तशी नाहीं. त्याचें बळ ज्या वाटेनें जातें ती वाट रबराची आहे, आणि त्या वाटेकडे आपल्या शेतकरीवर्गाचें लक्ष फार थोडें आहे. म्हणून या अंकीं तिजविषयीं लिहावें असें आम्हांस वाटलें.

दाबाच्या जोरानें ओझें उचलण्याची विद्या नवी नव्हे. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें पाण्याच्या दाबाच्या यंत्राचा हक्क १७९५ सालीं घेतला होता. चालकानें बसल्या जागीं अवजार उचलावें व टेकवावें, ही सोय हॅरी फर्ग्युसनच्या योजनेचा ट्रॅक्टर १९३६ सालीं विक्रीस निघाला तेव्हांपासून रूढ होत गेली. ट्रॅक्टरचा पंप तेलावर दर चौरस सेंटिमीटरास १५० ते २०० किलोंचा दाब आणतो. ट्रॉलीच्या जॅकचा दट्ट्या १० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर २०० किलोंच्या दाबानें तो १५ टनांहून अधिक जोर करतो. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब २ किलोंच्या आसपास असतो. म्हणजे त्याच्या शंभरपट दाब बोटभर जाडीच्या नळींतून ये-जा करीत असतो. आपले चालक हिला होज किंवा नुसता पाईप म्हणतात, आणि नांवाप्रमाणेंच तिला वागवितात. विहिरीवरचा पाईप आणि हा पाईप एकाच जातीचे समजणें हेंच मुळांत घातक आहे.

मोटेच्या दिवसांत जाणता शेतकरी सकाळीं बैल जुंपण्यापूर्वी नाडा हातानें चाचपून पाही. नाडा कोठें झिजला, कोठें पीळ सुटला, हें त्यास ठाऊक असे. कारण नाडा तुटला म्हणजे मोट विहिरींत, आणि धावेवरचा बैल तोंडावर. बैलाच्या खांद्याचीहि तीच गोष्ट. त्याच शेतकऱ्याच्या नातवास आपल्या ट्रॅक्टरवर नळ्या किती, हें विचारलें तर सांगतां येत नाहीं. इंजिनाचें तेल तो वेळेवर बदलतो, टायरांची काळजी घेतो, खंडेनवमीस हारहि घालतो. नळी मात्र फुटल्यावरच त्याच्या दृष्टीस पडते.

नळीचें अंग समजून घेतलें तर तिची निगा आपोआप समजते. आंत तेलास टिकणारें रबर, त्यावर पोलादी तारांचे एक, दोन किंवा चार थर, आणि वर पुन्हां रबराचें आवरण अशी तिची रचना असते. दाब सोसतात त्या तारा. वरचें रबर त्यांस पाणी व गंज यांपासून राखतें. हें आवरण कोठें घासून गेलें कीं पावसाळ्यांत तारा गंजतात, आणि पुढें ऐन कामांत नळी तेथेंच फुटते. आपल्या काळ्या जमिनींत चिकण चिखल नळ्यांच्या जुडग्यांत भरतो, वाळतो आणि कानसीसारखा घासतो. खताची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या नळ्यांच्या टोकांस खताचा खार खातो. कोंकणांत व गोव्यांत समुद्राची हवा तेंच काम करते. शेडमध्यें उंदीर असतातच. म्हणून काम संपल्यावर साध्या पाण्यानें नळ्या धुवाव्या, कापडानें पुसाव्या आणि पुसतांनाच पाहाव्या. धुण्याच्या यंत्राचा जोराचा फवारा नळीच्या अगदीं जवळ धरूं नये. ट्रॅक्टर धुऊन झाल्यावर चकाकी यावी म्हणून त्यावर डिझेल मारण्याची जी चाल पडली आहे, ती तर आम्हांस मुळींच पसंत नाहीं. डिझेलनें बाहेरचें रबर फुगतें व मऊ पडतें, आणि वर धूळ अधिकच चिकटते. दोन दिवसांच्या चकाकीसाठीं नळीचें आयुष्य कमी करण्यांत काय शहाणपण आहे?

परंतु बाहेरच्या मातीपेक्षां आंत जाणारी माती अधिक वाईट. पंप आणि झडपा यांच्या आंतील सांधे इतके नेमके असतात कीं, त्यांमधील जागा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत मोजतात. माणसाचा केस अशा सुमारें ७० हिश्शांचा. डोळ्यांस ४० हिश्शांखालील कण दिसतच नाहीं. तेव्हां तेल हातावर घेऊन "स्वच्छ आहे" म्हणण्यास अर्थ नाहीं. ही घाण जाते कोठून? बहुतेक वेळां आपल्याच हातानें. ट्रॉली सोडली कीं नळीचें टोक धुळींत पडतें. दुसऱ्या दिवशीं तें पँटीस पुसून ट्रॅक्टरला जोडतात. कारखान्यानें दिलेलीं रबरी टोपणें पहिल्या महिन्यांतच हरवलेलीं असतात. हीं टोपणें फार थोड्या पैशांत मिळतात, आणि त्यांच्या अभावीं बिघडलेला पंप हजारों रुपये घेऊन जातो. टोपणें लावावीं, तीं नसतील तर स्वच्छ पिशवी घट्ट बांधावी. टोक पुसण्यास धागे सुटणारा कापूस घेऊं नये. नवी नळी कापून टोकें दाबून दिलेली असते तिच्या आंत रबराचा व पोलादाचा भुगा राहतो. ती आंतून साफ करून देण्याचा आग्रह दुकानदारापाशीं धरावा. आमच्या एका सभासदानें असा आग्रह धरला तेव्हां दुकानदार हंसला. सभासदानें नळी पांढऱ्या कागदावर झटकून दाखविली, तेव्हां त्याचें हंसणें थांबलें.

बसवितांना नळीस पीळ पडूं देऊं नये. तिच्या अंगावर छापलेली ओळ सरळ राहिली म्हणजे पीळ नाहीं असें समजावें. दाब येतांच नळीची लांबी थोडी कमी-अधिक होते, म्हणून ती ताणून बसवूं नये. इंची आट्याची चाकी मिलिमीटरी आट्यावर एक-दोन फेरे बसते आणि पुढें जबरीनें फिरविली कीं दोन्ही आटे जातात. हा प्रकार खेड्यांतील दुरुस्तींत वरचेवर घडतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नळीस सुईच्या टोंकाएवढें छिद्र पडलें तर तेल धारेनें न पडतां धुक्यासारखें उडतें, आणि तें कोठून येतें हें पाहण्यास चालक सहज हात फिरवितो. हात कधींहि फिरवूं नये. ७ किलोंच्या दाबाची बारीक चिळकांडीहि कातडी भेदूं शकते. येथें तर दाब २०० किलोंचा. असें तेल बोटांत शिरलें कीं प्रथम केवळ टांचणी टोंचल्यासारखी खूण दिसते, वेदनाहि फारशी होत नाहीं, आणि मनुष्य हळद लावून कामास लागतो. आंत मात्र तेल स्नायूंच्या पदरांतून पसरतें, कांहीं तासांत हात सुजतो, आणि उशीर झाल्यास बोट किंवा पंजा कापण्याची पाळी येते. डिझेलच्या अशा एका इजेची हकीकत अमेरिकेंतील वैद्यकीय पत्रांत १९३७ सालींच छापली गेली होती. तरी आपल्याकडे अजून पुष्कळांस हें ठाऊक नाहीं. गळती शोधावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा. इजा झालीच तर जखम लहान म्हणून थांबूं नये. शस्त्रक्रियेची सोय असलेलें इस्पितळ त्याच तासाला गांठावें, आणि "दाबाचें तेल आंत गेलें आहे" हे शब्द डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

नळी सोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावें, इंजिन बंद करावें, आणि दांडे मागें-पुढें हालवून उरलेला दाब काढावा. उचललेल्या ट्रॉलीखालीं आधार लावल्यावांचून कोणीहि शिरूं नये. वर ठेवलेलें ओझें तेलानें धरलेलें आहे आणि तेल नळीनें. नळी फुटल्यावर बाहेर येण्यास वेळ मिळत नाहीं.

या सर्वांचा दोष चालकावर टाकण्याची आपली रीत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. नळी पाझरते हें चालकानें सांगितलेलें असतें, आणि "एवढा हंगाम निघूं दे" हें उत्तर मालकाचें असतें. दर सेकंदास एक थेंब गळला तर १० तासांत ३६,००० थेंब, म्हणजे सुमारें पावणेदोन लिटर तेल मातींत जातें. महिन्याभरांत नव्या नळीहून अधिक किंमतीचें तेल गेलेलें असतें. उसाच्या तोडणी यंत्राची बहुतेक सर्व अंगें तेलाच्या दाबावर चालतात, आणि त्याच्या भोंवतीं वाळलें पाचट असतें. तेथें पाझरणारें तेल तापलेल्या धुराड्यावर पडलें तर यंत्र, ऊस आणि माणूस तिन्ही धोक्यांत येतात.

नळीस वय असतें. बनविल्याचें साल तिच्या अंगावर छापलेलें असतें, तें वाचूनच खरेदी करावी. जर्मनीच्या मानकांत जोडलेली नळी, साठवणीचीं जास्तीत जास्त २ वर्षें धरून, ६ वर्षांहून अधिक वापरूं नये असें सांगितलें आहे. आपल्या उन्हांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या यंत्रास तर याहून सवलत देण्याचें कारण नाहीं. खड्ड्यांतून काढलेली जुनी नळी स्वस्त मिळते म्हणून घेणारे लोक आहेत; त्यांस आम्ही काय सांगावें?

एक सूचना आम्ही सभासदांपुढें ठेवितों. नळी कापून तिचीं टोकें दाबण्याचें यंत्र सोसायटीनें स्वतःचें घ्यावें, चांगल्या नळीचा साठा ठेवावा, आणि टोकें दाबण्याचें काम शिकलेल्या माणसाच्याच हातीं द्यावें. आज ऐन हंगामांत नळी फुटली कीं तालुक्यास जावें लागतें, मजूर बसून राहतात, आणि घाईंत मिळेल ती नळी घ्यावी लागते. खर्चाची अडचण कोणी काढील. परंतु चार-पांच गांवांच्या संस्थांनीं मिळून घेतलें तर भार फारसा वाटणार नाहीं. ज्यांस ही सूचना पटत असेल त्यांनीं आपल्या यंत्रास कोणत्या मापाच्या व कोणत्या आट्याच्या नळ्या लागतात याची यादी सभेपूर्वी कार्यालयाकडे पाठवावी, म्हणजे साठ्याचा अंदाज सभेसमोर ठेवतां येईल.