दिवाळीच्या सुटीतले अपग्रेड

घरातल्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम कधी बदलायची, यावर आमच्या उधन्याच्या घरात २०२५ साली पाच महिने चर्चा चालली होती. भाचा पुण्याला संगणकाचे काम करतो. तो म्हणे, "मामी, नवीन व्हर्जन आले की लगेच टाकायचे." आमच्या ह्यांचे म्हणणे, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता? मला दोघांचेही पुरते पटेना.

कारण त्या संगणकावर माझा एकटीचा कारभार नाही. आमच्या गल्लीतल्या चौदा बायका साड्यांना लेस लावण्याचे आणि खडे चिकटवण्याचे काम घरी नेतात. बहुतेक आपल्याच खानदेशातल्या, कोणी शहाद्याची, कोणी अमळनेरची. कोणी किती नग नेले, किती परत आणले, उचल किती घेतली, हा हिशेब माझ्याकडे. पैसे शनिवारी वाटायचे. शुक्रवारी रात्री संगणक उघडला नाही, तर कोणाचा किराणा अडतो, कोणाच्या पोराची फी.

आमच्याकडे उबुंटू आहे. फुकट मिळते म्हणजे माल हलका असणार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. २००५ ते २०११ या काळात तर ही मंडळी सीडीसुद्धा फुकट टपालाने घरी पाठवत. नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण लांब मुदतीची दोन वर्षांतून एकदा, एप्रिलमध्ये. आकडा म्हणजे वर्ष आणि महिना: २०.०४ म्हणजे २०२० चा एप्रिल. लांब मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने. हिशेब ठेवणाऱ्या घराने मधल्यांच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या २०.०४ ची मुदत मे २०२५ अखेर संपली. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो तसाच चालतो, फक्त नव्याने सापडलेली भोके बुजवायला कोणी येत नाही. बँकेचे काम त्याच यंत्रावर होत असेल तर हे परवडणारे नाही. पण जूनमध्ये शाळा उघडतात, मग सणांच्या साड्यांचा रेटा सुरू होतो. अशा वेळी सिस्टीमला हात लावायचा नाही, हे मी ठरवले. त्याला उपायही होता. उबुंटू प्रो नावाची सोय पाच संगणकांपर्यंत फुकट मिळते आणि २०.०४ ला २०३० पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवते. ती जोडून घेतली आणि दिवाळीपर्यंतचा वेळ मिळाला.

मग २०३० पर्यंत तसेच का नाही राहायचे, असे ह्यांनी विचारले. बरोबरच होते. पण दुरुस्त्या मिळतात म्हणून जुने प्रोग्राम नवे होत नाहीत, आणि जितके मागे राहावे तितक्या उड्या वाढतात. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, आधी २२.०४ वर उतरावे लागते. घाईतही शहाणपण नाही. २४.०४ कडे नेणारी वाट सप्टेंबर २०२४ मध्ये एका दोषामुळे काही दिवस थांबवावी लागली होती. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि गप्प बसला.

दिवाळीत उधन्याचे लूम बंद असतात, बायका गावी जातात आणि काम लाभपाचमीला उघडते. त्या वर्षी लाभपाचम २६ ऑक्टोबरला होती. म्हणजे बिघडले तरी सुधारायला हाताशी दिवस होते. (त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली. शेजारच्या दुकानदाराचे यंत्र विंडोज ११ ला चालेना, म्हणून तोही चौकशी करून गेला.)

आधी २२.०४ पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले. यात हार्डडिस्कला धक्का लागत नाही. प्रिंटरने पान काढले, मराठी जोडाक्षरे नीट उमटली, वायफाय लागले. मग सगळ्या हिशेबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. शिवाय त्या आठवड्याचा हिशेब वहीतही उतरवला.

भीती होती ती विजेची. अपग्रेड चालू असताना वीज गेली, तर संगणकाची गत नवापूर स्टेशनासारखी, अर्धे महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातेत! स्टेशनाचे त्यात काही बिघडत नाही, संगणकाचे बिघडते. यूपीएसची बॅटरी आधीच बदलून घेतली होती. भाऊबीजेला भाचा घरीच होता. जेवणे झाल्यावर बसलो, दोन-सव्वादोन तास लागले. हे शेजारी बसून चिवडा खात होते.

फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला वेळ लावतो, कारण २२.०४ पासून तो वेगळ्या पद्धतीने बसवलेला असतो. बाकी हिशेब जसाच्या तसा. लाभपाचमीनंतरच्या पहिल्या शनिवारी पैसे वाटले, तेव्हा कोणाला काही बदलल्याचे कळलेही नाही. २२.०४ ची नेहमीची मुदत २०२७ पर्यंत आहे. त्याआधीच्या एका दिवाळीत २४.०४ वर जायचे, हे ठरले आहे. ह्यांनी एवढेच विचारले, की तेव्हाही यूपीएसची बॅटरी नवी घ्यावी लागेल का?