संपादकांची शिवारफेरी

हल्लीं मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या संपादकांनीं अभ्यासदौरे काढण्याची चाल पडली आहे. वॅन-इफ्रा नांवाची वर्तमानपत्रवाल्यांची एक जागतिक संघटना आहे. ती देशोदेशींच्या संपादकांना गोळा करून परक्या मुलखांतल्या कचेऱ्या दाखवून आणते. ह्या मंडळींच्या बोलण्यांत 'हायपरलोकल' हा शब्द अलीकडे वारंवार येतो. आपल्या भाषेंत त्याचा अर्थ आपल्या आळीची, आपल्या वस्तीची, आपल्या फाट्याची बातमी. जगाच्या बातम्या हातांतल्या मोबाइलवर फुकट मिळूं लागल्या, कागदाचा खप बसूं लागला, तेव्हां शहाण्यांना आठवण झाली कीं माणसाला स्वतःच्या गांवचीही खबर लागते! ही आठवण झाली हें चांगलेंच झालें. पण ती विद्या शिकण्यासाठीं जे विमानानें फिरतात त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, एकदां बारामती-इंदापुराकडे या.

बारामतीला पाहुण्यांचें नवल नाहीं. शारदानगरच्या कृषि विज्ञान केंद्रावर लांबलांबच्या शेतकऱ्यांच्या गाड्या येतात, शिवारफेरी करतात, चहा घेतात आणि परत जातात. ही फेरी आम्ही पुष्कळदां पाहिली आहे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला शेतकरी पीक पाहून माना डोलवीत बसत नाहीं. तो विचारतो, जमीन कसली, पाणी किती दिवसांनीं, रोप कोठून आणलें, खर्च किती आला, हातांत काय उरलें? आणि गाडीकडे जातां जातां मालकाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, अनुदान किती मिळालें? कारण दुसऱ्याच्या पैशानें माळही हिरवा करतां येतो, आणि तो पैसा आटला कीं पुन्हां कुसळेंच उरतात, हें त्याला कोणीं पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं. संपादकांनीं बातमीच्या शिवारांत हाच प्रश्न विचारावा अशी आमची मागणी आहे. पीक दिसलें, पण खर्च कोणीं केला?

हा प्रश्न न विचारल्यानें काय होतें त्याचा एक दाखला देतों. २००९ सालीं चेक देशांत 'नाशे आद्रेसा', म्हणजे 'आपला पत्ता', ह्या नांवाचीं लहान लहान गांवपत्रें निघालीं. बातमीदाराची कचेरीच कॉफीच्या दुकानांत. गांवकरी कॉफी प्यायला येणार, गाऱ्हाणें सांगणार, आणि तें छापून येणार. कल्पना मोठी गोड होती, परदेशच्या पत्रकारांत तिची फार वाहवा झाली. पण पैसा एका बड्या भांडवलवाल्या मंडळीचा होता. तिनें २०१० सालीं हात आखडला आणि दुकान, बातमीदार, पत्र, सारें एकदम उठलें. गांवकऱ्यांना कोणीं विचारलें नाहीं, कारण त्यांचें त्यांत कांहीं गुंतलेलेंच नव्हतें.

आपल्या देशांत ही युक्ति त्याच्या कितीतरी आधींची आहे. तेलुगु 'ईनाडु' पत्र रामोजी राव यांनीं १९७४ सालीं विशाखापट्टणास काढलें, आणि १९८९ पासून प्रत्येक जिल्ह्याची निराळी पुरवणी जोडली. खप वाढला. मग इतर भाषांतल्या पत्रांनींही तोच कित्ता गिरविला, आणि आमच्या तालुक्यालाही वर्तमानपत्रांत पान मिळालें. त्या पानावर आपल्या शाळेचा निकाल, आपल्या यात्रेचा फोटो पाहून आम्हांलाही आनंद झाला, तो कां नाकारावा? पण त्या पानासाठीं जो माणूस मोटारसायकलवर गांवोगांव हिंडतो त्याला पुष्कळ ठिकाणीं पगार नसतो. त्याला जाहिरातीवर कमिशन असतें. बातमी हें त्याचें काम आणि जाहिरात हें त्याचें पोट!

आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतों. आमची शाळा इंदापूर तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्याच्या शेपटाकडे आहे. हा कालवा १८८५ सालचा. पाणी आधीं पुरंदर, मग बारामती, मग इंदापूर असें उतरत येतें, आणि शेपटाकडे येईपर्यंत त्यांतलें बरेंच वाटेंत कोणाकोणाची तहान भागवून आलेलें असतें. एका वर्षीं रब्बीच्या आवर्तनांत आमच्या चारीला पाणी आलेंच नाहीं. नमुना नंबर सातचे अर्ज भरलेले, मागली पट्टीही चुकती केलेली, आणि ज्वारी पोटऱ्यांत येऊन उभी वाळली. शाळेंतल्या एका मुलाचा बाप रोज रात्रीं कंदील घेऊन दरवाजापाशीं जाऊन बसे. आम्ही त्याच्याबरोबर तीन रात्री बसलों. दरवाजा कोणत्या वाराला उघडला, किती तास चालला, वरच्या अंगाला कोणाचे पाइप टाकलेले होते, सारें वहींत टिपलें. मग स्वच्छ अक्षरांत लिहून तालुक्याच्या एका वार्ताहराकडे नेऊन दिलें.

गृहस्थ सज्जन होता. त्यानें चहा पाजला, सगळें वाचलें आणि म्हणाला, "गुरुजी, एकही अक्षर खोटं न्हाई. पण दिवाळीच्या जाहिराती मला ह्याच लोकांकडनं आणायच्या हायत. तुम्हीच सांगा, काय करू?" आम्हांला सांगतां आलें नाहीं. चार दिवसांनीं पत्रांत दोन ओळी आल्या: 'पाण्याअभावीं ज्वारीचें नुकसान.' पाणी जणूं आपल्या पायांनीं वाट चुकलें! त्याच पानावर पाव पान भरून एका पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, फुलांच्या हारासकट. त्या वार्ताहराला आम्ही दोष देत नाहीं. त्यालाही दोन लेकरें आहेत. आणि आम्ही तरी मोठे शूर कोठले? आम्ही जिल्हा परिषदेचे नोकर. ह्या लेखाखालीं आमचें नांव नाहीं, तें त्याच कारणानें.

लहान माणसाची ही अडचण मोठ्या माणसांत धंदा होऊन बसते. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत आपल्या महाराष्ट्रांत पैसे मोजून बातम्या छापवून घेतल्याचें पी. साईनाथ यांनीं चव्हाट्यावर मांडलें. प्रेस कौन्सिलनें दोघांची उपसमिती नेमली. तिनें नांवानिशीं अहवाल लिहिला, तर २०१० सालीं कौन्सिलनें तो बाजूला ठेवून आधीं एक आखूड मसुदाच बाहेर काढला. वर्तमानपत्रांची बातमी वर्तमानपत्रांनाच पचली नाहीं.

आतां उजनीकडे चला. हें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि इंदापूर तालुक्यांतली भीमाकांठची काळी जमीन त्याच्या पोटांत गेली. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें, भिगवणला रोहित पक्षी उतरतात, आणि दरसाल दोघांचेही फोटो न चुकतां छापून येतात. पक्षी सुंदर आहेत. पण त्याच उन्हाळ्यांत मागें सरकणाऱ्या पाण्याच्या पाठीमागें जो माणूस मोटर आणि पाइप ओढीत चिखलांतून जात असतो, त्याचा फोटो फारसा कोणी काढीत नाहीं. ह्याच जलाशयांतून अलीकडच्या-पलीकडच्या गांवचे लोक होडींतून ये-जा करतात, कारण रस्त्यानें वळसा फार पडतो. २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतल्या कुगांवहून आमच्या कळाशीकडे येणारी होडी वादळांत उलटली आणि सहा माणसें बुडालीं. त्यांत लहान लेकरेंही होतीं. दुसऱ्या दिवशीं सगळ्या पत्रांचे लोक कांठावर हजर झाले. आमचा प्रश्न आदल्या महिन्याचा आहे. होडी कोण तपासतो, किती माणसें बसवावीं, वारा सुटला तर थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला, हें चार ओळींत छापणारें पत्र कांठावरच्या गांवांत असतें तर? माणसें वांचलींच असतीं असें आम्ही म्हणत नाहीं. निदान कोणीतरी विचारलें असतें.

कोणी म्हणेल, बारामतींत रेडिओ आहे. खरें आहे. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आणि कृषि विज्ञान केंद्राची शारदा कृषि वाहिनी अशीं दोन सामुदायिक केंद्रें तेथें निघालीं, आणि शेतीची माहिती, हवापाणी, आरोग्य, मुलांचे कार्यक्रम ह्यांचा आमच्या घरांना उपयोगच झाला. पण केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणानें अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या व राजकीय विषय वर्ज्य केले. पाणीपुरवठ्याच्या सरकारी सूचना सांगायला हरकत नाहीं. म्हणजे पाणी केव्हां येणार हें रेडिओनें सांगावें, कां आलें नाहीं हें विचारूं नये!

राहिला मोबाइल. त्यावर दिवसभर गांवची खबर फिरते खरी, पण ती कोणीं लिहिली आणि खोटी ठरली तर कोणाच्या दारांत जाऊन जाब विचारावा, ह्याचा पत्ता नाहीं. धुळें जिल्ह्यांतल्या राईनपाड्यास १ जुलै २०१८ रोजीं मुलें पळविणाऱ्यांची अफवा ऐकून जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलें. ती सुद्धां आळीचीच बातमी होती, फक्त तिला संपादक नव्हता.

बारामती तालुक्यांतलें सुपें हें गांव आमच्या शेतकरी वाचकांना बाजारामुळें माहीत आहे. १२ मे १८७५ रोजीं ह्याच सुप्याच्या बाजारांत कुणबी एकत्र झाले आणि त्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. सरकारनें कमिशन नेमलें, त्याचा जाडजूड अहवाल १८७८ सालीं विलायतेच्या पार्लमेंटपुढें ठेवला गेला. सुप्याची खबर लंडनला छापून गेली, आणि ज्यांच्याविषयीं ती होती त्यांना ती वाचतां येत नव्हती. ह्या दोन्हींच्या मधल्या काळांत, १ जानेवारी १८७७ रोजीं, दुष्काळाच्या ऐन भरांत, भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास 'दीनबंधु' काढला. पुढें त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील ह्यांनीं तर पुणें-मुंबईचाही आधार सोडला. नगर जिल्ह्यांत, नेवासें तालुक्यांतल्या तरवडीसारख्या खेड्यांत बसून त्यांनीं 'दीनमित्र' साप्ताहिक चालविलें. आरंभ १९१० सालीं, शेवट १९६७ सालीं मुकुंदरावांच्याबरोबरच. सत्तावन्न वर्षें! छापखाना खेड्यांत, संपादक खेड्यांत, वाचक खेड्यांत. वर्गणी थकत असे, कागद महागत असे, तरी पत्र निघत असे. कॉफीच्या दुकानांतलें पत्र एका वर्षांत गेलें आणि शेतकऱ्याच्या वाड्यांतलें सत्तावन्न वर्षें टिकलें, ह्याचा अभ्यास करायला कोणाचा दौरा निघाला असेल तर आम्हांस कळवावें. तरवडीला मुकुंदरावांचें स्मारक आहे, पाहायला तिकीट काढून परदेशीं जावें लागत नाहीं.

आणि हें केवळ मागल्या काळचें पुराण नव्हे. उत्तर प्रदेशांत चित्रकूट जिल्ह्यांत २००२ सालीं खेड्यांतल्या दलित व गरीब बायकांनीं 'खबर लहरिया' नांवाचें पत्र आपल्या बुंदेली बोलींत काढलें. स्वतः लिहावें, स्वतः काखेंत गठ्ठा घेऊन विकावें. २००९ सालीं त्यांना युनेस्कोचें बक्षीस मिळालें. पुढें कागद सुटला आणि त्या मोबाइलवर आल्या. त्यांच्या पाठीशीं संस्था आहे हें खरें, तेव्हां खर्चाचा प्रश्न त्यांनाही विचारावाच. पण बातमीखालीं नांव असतें, आणि शिव्या खायला ती बाई स्वतः बाजारांत उभी असते.

आतां आमच्या वाचकांशीं दोन शब्द. संपादक येतील तेव्हां येतील, पण खर्चाचा प्रश्न आपल्यालाही चुकत नाहीं. समजा एका फाट्यावरच्या पांच गांवांतून तीनशें घरांनीं महिना वीस रुपये दिले, तर सहा हजार होतात. एवढ्यांत पूर्ण पगार होत नाहीं हें आम्हांला कळतें. पण गांवांतली एखादी बारावी झालेली मुलगी वा मुलगा अर्धा वेळ देऊन महिन्याकांठीं चार पानें काढूं शकेल: आवर्तनाच्या तारखा, कोणत्या चारीला किती तास मिळाले, ग्रामसभेंत कोणता ठराव झाला आणि मागल्या ठरावाचें काय झालें, सुताराच्या, कुंभाराच्या कामाचे दर, बाजारांत डाळिंबाला काय मिळालें. वीस रुपये म्हणजे दोन चहा. दोन चहांची बातमी लहानच असेल, पण ती कोणाच्या वाढदिवसाला बांधलेली नसेल. आपणांपैकीं कितीजण देतील? आम्ही शाळेंत पालकांच्या बैठकींत विचारलें, तेव्हां एकतीस हात वर झाले. त्यांतले नऊ बायकांचे. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, पैकं देतो, पर माझ्या भावाच्या बांधाचं छापशील का?" सारे हंसले. प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता. त्याला आम्ही 'छापूं, पण तुझें आणि त्याचें, दोघांचेंही म्हणणें छापूं' असें उत्तर दिलें. म्हाताऱ्यानें हात खालीं घेतला नाहीं.

तेव्हां संपादक महाशय, आमंत्रण खुलें आहे. उतरायला शाळेचा व्हरांडा आहे, जेवायला भाकरी, पिठलें आणि ठेचा. कचेरींत बसून चित्रें दाखविण्याचा कार्यक्रम आमच्याकडे नाहीं. येण्याआधीं आठ दिवस कळवावें, आणि शक्यतों उन्हाळी आवर्तन चालूं असतांना यावें. येतांना बॅटरी आणावी, कारण त्या दिवसांत शेपटाकडचा शेतकरी दिवसा घरीं सांपडत नाहीं, रात्रीं दरवाजापाशीं सांपडतो.