दानाचा जमाखर्च आणि वंशाचा निवाडा

अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात एक मत फार दिवसांपासून प्रतिष्ठितपणे वावरत आले आहे. कृष्णवर्णीय समाज हा स्वभावतःच दान घेणारा आहे, देणारा नव्हे. त्याच्या शाळा, रुग्णालये आणि अनाथालये गौरवर्णीयांच्या औदार्यावर उभी राहिली, आणि आपल्या वा परक्याच्या संकटात पदरमोड करण्याची सवय त्याच्या अंगी बाणलीच नाही, असे ते मत आहे. कधी ते व्यासपीठावरून उघड बोलले जाते, कधी गरिबांच्या साहाय्याच्या तरतुदीला विरोध करताना सूचित केले जाते, तर कधी परोपकाराची थोरवी गाणाऱ्या भाषणात, कोणालाही दुखविण्याचा हेतू नसताना, सहजगत्या निसटून जाते. बोलणारा पुष्कळदा सज्जन असतो, त्याच्यापाशी दोनचार दाखलेही असतात, आणि ऐकणारांना त्यात नवीन असे काहीच वाटत नसल्यामुळे पुरावा मागण्याची तसदी कोणी घेत नाही. या मताचे खंडन करण्याचे मी येथे योजिले आहे. आणि ज्या अर्थी प्रतिपक्षाची बलवत्तर बाजू मांडल्यावाचून केलेले खंडन न्याय्य ठरत नाही, त्या अर्थी पूर्वपक्षाला त्याचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडू देणे अवश्य आहे.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. मोठ्या देणग्यांची कोणतीही यादी काढा, तीत कार्नेगी, रॉकफेलर, रोझेनवाल्ड या गौरवर्णीय धनाढ्यांचीच नावे आढळतील. खुद्द कृष्णवर्णीय मुलींसाठी अटलांटा शहरात निघालेल्या स्पेलमन विद्यालयाला जे नाव मिळाले, ते रॉकफेलर यांच्या पत्नीच्या माहेरचे. ज्या समाजाची दास्यातून सुटका होऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली, त्यात त्या तोलाचे दाते का निपजू नयेत? हा प्रश्न विचारणे हा द्वेष नसून केवळ निरीक्षण होय. आणि उत्तरादाखल कोणी एखाद्या उदार कृष्णवर्णीय व्यक्तीचे नाव पुढे केलेच, तर तो अपवाद समजावा, कारण अपवादांनी नियम मोडत नाही.

या युक्तिवादातील शेवटचे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, म्हणून आरंभ तेथूनच करतो. आणि त्यासाठी वाचकाला १७९३ सालच्या फिलाडेल्फिया शहरात यावे लागेल.

फिलाडेल्फिया ही तेव्हा संयुक्त संस्थानांची राजधानी होती व तिची वस्ती सुमारे ५०,००० होती. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तेथे पीतज्वराची साथ उद्भवली, आणि नोव्हेंबरात थंडी पडून ती ओसरेपर्यंत सुमारे ५,००० माणसे दगावली. अध्यक्ष वॉशिंग्टन शहराबाहेर गेले, अंमलदार गेले, ज्यांना म्हणून ऐपत होती त्या हजारोंनी घरांना कुलपे घातली. आणि मागे राहिलेल्यांत रक्ताच्या नात्यानेही रुग्णाला शिवू नये, इतकी दहशत पसरली. हा ताप डासामुळे पसरतो हे सिद्ध होण्यास १९०० साल उजाडावे लागले. त्या वेळी शहरातील नामांकित वैद्य बेंजामिन रश यांची अशी समजूत होती की, कृष्णवर्णीयांना हा ताप बाधत नाही. म्हणून त्यांनी वृत्तपत्रातून त्या समाजाला रुग्णांच्या शुश्रूषेसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. म्हणजे या प्रकरणाच्या मुळाशीच वंशाविषयीचे एक सामान्य विधान होते, आणि ते एका सद्हेतू विद्वानाच्या तोंडचे होते, हे ध्यानात ठेवावे.

आवाहनाला ओ देणाऱ्यांत ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे प्रमुख होते. दोघेही दास्यात जन्मलेले. जोन्स यांनी मजुरी साठवून आधी पत्नीची मुक्तता विकत घेतली होती, ॲलन यांनी स्वतःची. १७८७ साली या दोघांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली; तीत प्रत्येक सभासद दरमहा एक शिलिंग भरी, आणि त्या गंगाजळीतून आजारी पडलेल्याला, विधवेला व पोरक्या लेकरांना साहाय्य मिळे. दानाची सवय अंगी नसलेल्या म्हणून हिणवलेल्या समाजाची ही संस्था अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या होण्याच्याही काही महिने आधीची आहे. साथीच्या दिवसांत या लोकांनी घरोघर जाऊन रुग्णांना पाणी पाजले, औषधे दिली, शेकडोंचे रक्त काढले, आणि ज्यांच्या प्रेताला आप्त हात लावीनात त्यांना उचलून मूठमाती दिली. रश यांची समजूत किती खोटी होती, ते मृत्यूच्या नोंदींनीच दाखविले : १७९२ साली शहरात ६७ कृष्णवर्णीयांचे दफन झाले होते, १७९३ साली ३०५ जणांचे झाले.

साथ ओसरते न ओसरते तोच मॅथ्यू कॅरी नावाच्या प्रकाशकाने तिचा वृत्तांत छापला, आणि काही आठवड्यांतच त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. कृष्णवर्णीयांतील अधमांनी लोकांच्या असहायतेचा फायदा घेऊन एकेका रात्रीच्या शुश्रूषेला दोन ते पाच डॉलर उकळले, आणि काहींनी रुग्णांच्या घरात चोऱ्या केल्या, असा आरोप त्याने केला. जोन्स व ॲलन यांची मात्र त्याने मुक्तकंठाने स्तुती केली. कॅरी हा स्वतः डब्लिनहून आलेला, आयरिश कॅथलिकांच्या वाट्याला येणारी तुच्छता पाहिलेला माणूस होता. साथनिवारणाच्या समितीत त्याचे नाव होते, आणि ऐन साथीत काही काळ तो शहराबाहेरही गेला होता.

स्तुती झालेल्या या दोन गृहस्थांनी काय करावे अशी अपेक्षा असते? आभार मानून गप्प बसावे अशीच. पण त्यांनी १७९४ च्या जानेवारीत स्वतःची कैफियत छापून प्रसिद्ध केली, आणि तीत जे लिहिले ते या संपूर्ण विषयाचे मर्म आहे असे मी मानतो. त्यांचे म्हणणे असे की, आम्हां दोघांची नावे घेऊन केलेल्या या स्तुतीने उरलेल्या सगळ्यांना संशयाच्या कोठडीत ढकलले आहे. कारण ज्यांची नावे घेतली नाहीत ते सारे आपोआप त्या अधमांत मोजले जातील. अपवाद म्हणून मिळणारा मान त्यांनी नाकारला. समाजाची बेइज्जती होत असता त्यातल्या दोघांना बाजूला काढून पुष्पहार घालणे हे औदार्य नसून त्या बेइज्जतीला पक्की करणारी मोहोर आहे, हे दास्यातून वर आलेल्या या माणसांना जितके स्वच्छ दिसले, तितके पुढच्या दोन शतकांतल्या कितीतरी सुशिक्षित वक्त्यांना दिसलेले नाही.

आणि त्यांनी केवळ निषेध केला नाही, वही उघडली. प्रेतांचे दफन करण्याबद्दल व रुग्णांची अंथरुणे पुरण्याबद्दल मिळालेली एकूण रक्कम २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. ज्यांचे पैसे परत आले नाहीत अशा शवपेट्यांना ३३ पौंड. पाच माणसे रोजाने लावली, तिघे ७० दिवस व दोघे ६३ दिवस, दर रोजी साडेबावीस शिलिंग, म्हणून ३७८ पौंड. एकूण खर्च ४११ पौंड. वजाबाकी करता पदरची तूट १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. मजुरीचे दर का चढले, त्याचाही खुलासा त्यांनी दिला : थोड्या वेतनावर ठरलेल्या शुश्रूषकांना घाबरलेले धनिकच एकमेकांवर चढाओढीने जास्त पैसे देऊन ओढून नेत होते, आणि नगराध्यक्ष क्लार्कसन यांनी चौकशीसाठी बोलावले तेव्हा त्यांनाही ते पटले होते. मग, कोणत्याही वंशाला चोर वा साव न ठरवता, त्यांनी माणसे दाखविली. सॅम्पसन नावाचा एक गरीब कृष्णवर्णीय दारोदार फिरून फुकट सेवा करीत होता. तो त्याच तापाने मेला, आणि ज्यांच्यासाठी तो झटला त्यांनी त्याच्या कुटुंबाकडे पाठ फिरविली. सेरा बास नावाच्या विधवेने कित्येक घरे सांभाळली आणि मोबदला घेतला नाही. आणि एका गोऱ्या स्त्रीने प्रेत शवपेटीत ठेवण्याचे सहा पौंड, व चार गोऱ्या पुरुषांनी तीच पेटी जिन्यावरून खाली आणण्याचे चाळीस डॉलर घेतल्याचा दाखलाही त्यांनी नोंदविला. पण त्यावरून गौरवर्णीय स्वभावतःच लोभी असतात असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. कॅरीच्या हातून जे घडले नाही ते त्यांनी करून दाखविले.

आता कोणी म्हणेल, हा इतिहास झाला. मोठ्या देणग्यांच्या यादीचे काय? तर यादीकडेच वळू. ज्युलियस रोझेनवाल्ड हे सिअर्स रोबक कंपनीचे धनाढ्य अध्यक्ष. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने त्यांनी १९१२ पासून दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधण्यास द्रव्य दिले. १९३२ पर्यंत अशा जवळजवळ ५,००० शाळा झाल्या, आणि लोकांत त्या रोझेनवाल्ड शाळा म्हणूनच ओळखल्या जातात. रोझेनवाल्ड यांचे औदार्य निर्मळ होते, त्याला मी उणेपणा आणीत नाही. परंतु गावाने स्वतःचा वाटा उचलला तरच रक्कम द्यावयाची, अशी त्यांचीच अट होती, आणि तो वाटा किती पडला ते दफ्तरी नमूद आहे. रोझेनवाल्ड निधीतून सुमारे ४३ लक्ष डॉलर आले. कृष्णवर्णीय गावकऱ्यांकडून ४७ लक्षांहून अधिक आले. गोऱ्या शेजाऱ्यांनी सुमारे १२ लक्ष दिले, बाकीचे सरकारी करातून निघाले. म्हणजे अन्नान्न दशेत खंडाने वा वाट्याने कापूस पिकविणाऱ्या कुळांनी कोट्यधीशाच्या निधीपेक्षा अधिक दिले. आणि तेही कर भरून त्यावर, कारण त्यांनी भरलेला कर मुख्यत्वे गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्ची पडत असे. त्यांनी कोंबड्या विकल्या, कापसाचे एखादे वावर शाळेच्या नावाने राखून ठेवले, लाकूड कापून आणले, जमीन दिली. अलाबामातील बोलिगी गावच्या सभेत दास्याचा काळ पाहिलेल्या एका वृद्धाने मळकी पिशवी काढून जन्माची कमाई, ३८ डॉलर, मेजावर ओतली. देणग्यांच्या याद्यांत त्या वृद्धाचे नाव सापडत नाही, यात दोष त्या वृद्धाचा की यादीचा?

यादीचाच, असे मी म्हणतो, आणि हाच पूर्वपक्षाच्या मुख्य भागाला माझा जबाब आहे. औदार्य मोजताना आपण जे दफ्तर हाती घेतो, त्यात जेवढे नोंदविण्याची पद्धत आहे तेवढेच दिसते. करात सूट मागण्यासाठी ज्याने पावती जोडली त्याचे दान दिसते. बहिणीच्या पोरक्या मुलांना ज्याने वाढविले, शेजारणीचे भाडे ज्याने भरले, चर्चमधल्या थाळीत दर रविवारी ज्याने नाणे टाकले, त्याचे बहुधा दिसत नाही. शिवाय दात्याची मत्ता आणि दानाची रक्कम यांचे प्रमाण न पाहता केवळ रक्कम पाहिली, तर ज्यांच्या पूर्वजांना अडीच शतके मजुरीच मिळाली नाही ते मागे पडणारच. ही दास्याच्या हिशेबातली थकबाकी आहे; तिला स्वभावदोष म्हणणे हा अन्यायावर चढविलेला दुसरा अन्याय होय.

येथे मी स्वपक्षीयांनाही एक गोष्ट निक्षून सांगू इच्छितो. या निंदेला उत्तर म्हणून उलट दिशेचे विधान करणे, म्हणजे कृष्णवर्णीय हे जात्याच सेवाभावी, सोशिक आणि दानशूर असतात असे म्हणणे, हेही मला अमान्य आहे. तशाच एका गोड विधानाने, त्यांना ताप बाधत नाही या विधानाने, फिलाडेल्फियातील शेकडो माणसे मृत्यूच्या दारात उभी केली. वंशाला गुण चिकटविला की त्याच्या प्रत्येक घटकाकडून त्या गुणाची वसुली सुरू होते, आणि ज्याने जिवावर उदार होऊन काही केले त्याच्या करणीचे श्रेय त्याच्या रक्ताला दिले जाते, त्याच्या निश्चयाला नव्हे.

मिसिसिपीतील हॅटिसबर्गच्या ओसिओला मॅकार्टी यांचेच पाहा. आजारी मावशीच्या सेवेसाठी सहावीतून शाळा सुटली; पुढे सारा जन्म परसात कढईखाली जाळ घालून, पाटीवर घासून लोकांचे कपडे धुतले. वार्धक्यात बँकेतील मंडळींनी त्यांच्यापुढे दहा नाणी मांडली, प्रत्येक नाणे म्हणजे शिलकीचा दहावा हिस्सा. त्यांनी एक चर्चला, तीन नातलगांना आणि सहा गावच्या विद्यापीठाला दिली. १९९५ साली जाहीर झालेली ती देणगी १,५०,००० डॉलरची होती. आणि ज्या विद्यापीठाला ती दिली, त्याने १९६५ पर्यंत त्यांच्या वर्णाच्या एकाही विद्यार्थ्याला प्रवेश दिला नव्हता. कोणाला किती हिस्से द्यावेत, याचा विचार त्या बाईंनी आपल्या वंशाकडे पाहून केला नाही. समोरच्या दहा नाण्यांकडे पाहून, आपल्याला न मिळालेले शिक्षण आठवून केला. तेथे दाता उभा होता, वंश नव्हे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल आदर म्हणून, अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. आणि वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे जो कृष्णवर्णीय अमेरिकी शास्त्रज्ञ आमच्या घराघरांत पोचला, त्याने उतारवयात आपली आयुष्याची शिल्लक टस्कीगीतील संशोधनासाठी देऊन टाकली. आज आमची हजारो माणसे त्या देशात सुस्थितीत आहेत, आणि तेथील सभासमारंभांत त्यांना बोलावणी असतात. त्यांना माझी आग्रहाची विनंती अशी की, अमुक वर्णाचे लोक देत नाहीत, केवळ घेतात, असे वाक्य समोर उच्चारले गेले, तर शिष्टाचाराखातर मान डोलवू नये. आपल्या समाजाची त्याच वेळी स्तुती होत असली तर मुळीच नव्हे. बोलणाराकडे तिथल्या तिथे, सर्वांसमक्ष, हिशेब मागावा.