ठणका आणि सणक

किडलेल्या दाढेच्या दुखण्याला आपल्या बोलीत ‘ठणका’ म्हणतात आणि विजेच्या झटक्यासारखी क्षणात येऊन जाणारी वेदना ती ‘सणक’. हा भेद शिरूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईलाही उत्तम ठाऊक असतो, परंतु तिची कैफियत केसपेपरावर उतरताना दोन्ही शब्द ‘दाढ दुखते’ या एकाच सदरात विलीन होतात, आणि एखाद्या निरोगी दाढेचा बळी जाण्यास तेवढे निमित्त पुरते.

या सणकेचे उगमस्थान कधीकधी दाढेपासून फार दूर, मस्तिष्कस्तंभात असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत, जिचे सुसंगत वर्णन पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये केले, देहाची संरक्षक यंत्रणा स्वकीयांनाच परके मानून मज्जातंतूंवरील मायलिन नावाचे स्निग्ध आवरण उद्ध्वस्त करते आणि मेंदूत ठिकठिकाणी व्रणाचे डाग उरतात. चेहऱ्याची संवेदना वाहणारी पाचवी चेता जेथे मस्तिष्कस्तंभात प्रवेशते, नेमक्या त्या जागी असा डाग पडला, तर काय घडते हे दौंडच्या यार्डात वायरिंगचे काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही: आवरण गेले की एका तारेचा प्रवाह शेजारच्या तारेत उतरतो. मग थंड पाण्याचा हबका, मिसरीचे बोट, बाजरीच्या भाकरीचा पहिला घास, घोडनदीवरून येणारी पौषातली झुळूक, यांपैकी कोणताही निरुपद्रवी स्पर्श वेदनेचे रूप घेऊन मेंदूत पोहोचतो. (चेहरा हलवणारी चेता सातवी, तिचा या वेदनेशी संबंध नाही, तरी गल्लत नित्याची.)

असे दुखणे मल्टिपल स्क्लेरोसिस नसलेल्यांनाही होते. तेथे बहुधा एखादी रक्तवाहिनी त्याच चेतेवर टेकलेली असते आणि रुग्णाने सहसा पन्नाशी ओलांडलेली असते. म्हणूनच तिशीतल्या स्त्रीला, त्यातही चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, सणका येऊ लागल्या, तर चिमट्याला हात घालण्यापूर्वी तिला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: पूर्वी कधी एका डोळ्याची दृष्टी काही आठवडे मंदावली होती काय, आणि मान पुढे झुकवताना पाठीतून पायापर्यंत झिणझिणी उतरते काय? या विचारपुसेला यंत्र लागत नाही. एमआरआयसाठी पुण्याची सुमारे ७० किलोमीटरची वाट धरावी लागली तरी हरकत नाही. पण ती दाढ गेल्यानंतर नव्हे, आधी धरली जावी, एवढीच माझी मागणी आहे.

औषधही दुर्मीळ नाही. कार्बामाझेपिन हे मूळचे अपस्माराचे औषध या वेदनेवर चालते, हे १९६२ पासून वैद्यकास माहीत आहे, आणि ते महागही नाही. मात्र त्याने तोल जातो, गुंगी येते, रक्तातील सोडियम उतरते, आणि आधीच डळमळीत चालणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत घरचे लोक व क्वचित डॉक्टरही ‘रोग बळावला’ असा निष्कर्ष काढून बसतात. म्हणून महिन्यातून एक दिवस तरी मेंदूविकारतज्ज्ञाने तालुक्याच्या रुग्णालयात रुजू व्हावे, अशी तजवीज जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने करावी; तज्ज्ञाचा एक प्रवास पन्नास रुग्णांचे पन्नास प्रवास वाचवील.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नामनिर्देश आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु कित्येक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो, आणि सकाळी अकरा वाजता मंडळापुढे उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर त्या घटकेला काहीच दिसत नाही. ती कमी बोलते, कारण बोलण्याने सणक येते; तिचे मौन मात्र दप्तरी ‘तक्रार नाही’ असे लिहिले जाण्याची भीती राहते. केसपेपरावर एक जादा रकाना छापण्यास कोणत्याही सरकारी ठरावाची गरज नसावी: ठणका की सणक, आणि ती कशाने सुटते.