हसण्यावारी नेलेला शब्द

संध्याकाळची जपमाळ आटोपली की आमच्या कितीतरी घरांत दूरचित्रवाणी संच सुरू होतो. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही हिंदी विनोदी मालिका २००८ च्या जुलैत सुरू झाली, आणि तेव्हापासून ती जणू आमच्या घरचीच झाली. गुजराती लेखक तारक मेहता यांच्या ‘चित्रलेखा’तील सदरावर ती बेतलेली. तिच्या गोकुळधाम सोसायटीत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ अशी बिऱ्हाडे नांदतात. त्या मूळ बिऱ्हाडांत ख्रिस्ती घर एकही नाही. तरीही त्या सोसायटीची बोली आमच्या ओटीवर येऊन बसली आहे. आश्चर्य वाटले की ‘हे माँ, माताजी!’ वडील शिस्तीचे चार शब्द सांगू लागले की ‘आले भिडे मास्तर!’ दयाबेनची भूमिका करणाऱ्या दिशा वाकानी २०१७ साली मालिकेतून दूर झाल्या. त्यांचा उद्गार मात्र आमच्या घरांतून गेला नाही.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. सरसकट वाईट आम्हीही म्हणत नाही. आजीला आणि नातवाला एकाच वेळी हसू यावे, असे आज थोडेच उरले आहे. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ लागत असे, तेव्हाही चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही नावे लोकांच्या तोंडी रुळलीच होती. एकच विनोद ठाऊक असलेली माणसे अर्ध्या शब्दात एकमेकांना ओळखतात. हा जिव्हाळा आम्हांसही हवा आहे.

आमचे भांडण एका उद्गाराशी आहे. जेठालाल आपल्या पत्नीस ‘ए पागल औरत’ म्हणत असे. हे शब्द चित्रीकरणाच्या ओघात आपल्याला सुचले, पुढे स्त्रियांच्या बाजूने आक्षेप आल्यावर ते थांबवावे लागले, असे खुद्द दिलीप जोशी यांनी मुलाखतीत सांगितले आहे. म्हणजे मालिकेने जो उद्गार टाकून दिला, तो आम्ही उचलून घरात जपून ठेवला!

पडद्यावरची दया त्या शब्दाने दुखावत नाही, कारण तिने दुखावावे असे संहितेत लिहिलेले नसते. आमच्या स्वयंपाकघरातील स्त्री संहिता वाचून संसार करीत नाही. भाजीत मीठ राहिले, कपाटाची किल्ली सापडेना, की पाहुण्यांदेखत तो उद्गार येतो. पाहुणे हसतात, मुले हसतात आणि तीही हसते. न हसावे तर ‘हिला विनोदच कळत नाही’ हा दुसरा शेरा तयारच असतो. सर्वांच्या ओळखीच्या विनोदाचे खरे सामर्थ्य येथे दिसते. नवऱ्याने स्वतःच्या शब्दांत अपमान केला तर त्याला जाब विचारता येतो. मालिकेचे वाक्य फेकले तर जाब विचारायचा कोणाला? आणि हे सारे पाहणारा मुलगा आईशी कसे बोलायचे ते त्याच क्षणी शिकत असतो.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने खुनाच्या आज्ञेला लागूनच, आपल्या भावाला मूर्ख म्हणणाऱ्याचा विचार केला आहे. थट्टेने म्हटले असल्यास सूट, असे कलम तेथे आम्हांस आढळले नाही.

टीव्ही बंद करा, असे आम्ही सांगणार नाही. तो उपदेश पूर्वी पुष्कळ झाला आणि वाया गेला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात कुटुंबासाठी तीन बोल आवश्यक मानले: परवानगी मागण्याचा, आभाराचा आणि क्षमेचा. ते आमच्या ओठांवर मालिकेच्या वाक्याइतके सहज का येत नाहीत, याचा विचार ज्याने त्याने करावा. तोवर एवढे तरी व्हावे: पुन्हा तो उद्गार कानी पडेल, तेव्हा घरातील पुरुषांनी हसू नये. वेदीसमोर ज्या स्त्रीचा जन्मभर मान राखण्याचे वचन आम्ही दिले, तिला एकटीने गंभीर राहण्याची पाळी येऊ नये.