मालकी धन्याची, नाव कर्त्याचे

घर बांधून घेणारा त्या घराचा धनी होतो. पण घराचा नकाशाही आपणच काढला, असे म्हणण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. ही साधी गोष्ट संगणकाच्या आज्ञावलीबाबत मात्र सर्रास विसरली जाते. पगार दिला, मालकी घेतली. आता कर्त्याच्या नावाचा प्रश्न उरतोच कोठे, असा सवाल व्यवहारचतुर मंडळी करतात. हा सवाल बिनतोड नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या कायद्यानेच या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याची असते. परंतु हक्क हस्तांतरित झाल्यावरही कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ ने शाबूत ठेवला आहे. आज्ञावली या कायद्याच्या लेखी साहित्यकृतीच होय. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने नामनिर्देशाच्या हक्कातून आज्ञावली वगळली. आपल्या संसदेने तसे केलेले नाही.

विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या आज्ञावलीत तर नाव हेच कर्त्याचे वेतन असते. खेळण्यातील आगगाड्या चालविणाऱ्या एका आज्ञावलीवरून अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला गाजला. कर्त्यांची नावे गाळून तिचा वापर केल्याची तक्रार होती. फुकट दिलेल्या वस्तूच्या अटींना कसले मोल, हा युक्तिवाद २००८ साली तेथील अपील न्यायालयाने मानला नाही; परवान्यातील अशी अट मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असा निर्वाळा त्याने दिला.

तथापि परवान्यांतही एक गोम आहे. एमआयटीसारखा परवाना जी ओळ जपावयास सांगतो, ती कॉपीराइटची, म्हणजे बहुधा मालकाची असते. कंपनीने आज्ञावली खुली केली की कंपनीचे नाव जगभर जाते आणि ती लिहिणारा अनामिक राहतो. परवाना पाळला जातो, श्रेय मात्र बुडते.

हजारो हातांनी घडलेल्या कामात कोणाकोणाची नावे द्यावयाची, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद कारखान्यात रोजच होते. तिच्यावरून कर्त्यांची यादी काढून आज्ञावलीसोबत जोडण्यास कितीसा खर्च येणार? अटारी कंपनीने आपल्या खेळांच्या कर्त्यांना नाव नाकारले, तेव्हा वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ या खेळातील एका गुप्त दालनात आपले नाव दडविले. तर श्रेय आणि मोबदला यांवरून नाराज झालेल्या त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही प्रतिस्पर्धी कंपनीच काढली. नाव न देण्याची किंमत ती अशी.

आता यंत्रेच आज्ञावली लिहू लागली आहेत, आणि ती शिकली आहेत माणसांच्या लेखनावर. त्यात मूळ कर्त्यांची नावे व परवाने गळून पडतात, अशी तक्रार करणारा दावा २०२२ साली कॅलिफोर्नियात दाखल झाला. त्याचे कायदेशीर भवितव्य काहीही असो, आपल्याकडील कंपन्यांनी वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्या-बंगळुरातील तरुणाला नवी नोकरी मागताना दाखविण्यास आपले काम लागते, आणि ते आपले आहे हे सिद्ध करण्यास नाव लागते. नेमणूकपत्रात मालकीचे कलम ठळक अक्षरांत असते. त्याखाली श्रेयाचेही एक कलम घालावे, एवढीच आमची मागणी आहे. मालकीला त्याने रतिमात्र धक्का लागणार नाही. न्याय मात्र होईल.