पोराला नको, औषधाला कुलूप लावा



सोयाबीन फुलोऱ्यात आलंय, फवारण्या चालू आहेत. या दिवसांत गावात एकच सल्ला ऐकू येतो, बारकी लेकरं शेतात आणू नका, औषधं असतात. सल्ला काळजीपोटीच आहे, पण मला तो अर्धाच पटतो. फवारणीचा दिवस आणि पुढचे दोन-तीन दिवस सोडले, तर लेकराला शेतात जरूर आणा. लांब ठेवायचं ते औषध.

आमची नात चार वर्षांची आहे. बांधावर आली की तोंड बंद राहत नाही. परवा सोयाबीनचं रोप उपटून मुळं बघत होतो, तर म्हणाली, "आबा, हिला पुळ्या आल्यात, मलम लावा." मी एक गाठ नखानं फोडून दाखवली. आतून लालसर निघाली. म्हटलं, ही पुळी नाही, ही झाडाला हवेतून जेवण आणून देते. तर वर बघून विचारते, "हवेत जेवण आहे? मग आई चुलीवर कशाला करते?"

हसू आलं, पण विचार करा. आपल्यातले किती जण मुळावरची गाठ फोडून बघतात? आतून लालसर गुलाबी असली तर ती नत्र स्थिर करते आहे. हिरवट किंवा तपकिरी असली तर तिचं काम थांबलंय. हे न बघताच आपण युरियाची गोणी फोडतो.

मावा आलेल्या फांदीवर तिला ढालकिड्याची अळी दिसली. "आबा, बारकी मगर! मारू का?" दिसते खरंच मगरीसारखी, आणि अनोळखी म्हणून मोठी माणसंही तिला चिरडतात. ती माव्यावर जगते. ते ऐकल्यापासून पोरगी "आपली मगर" शोधत फिरते. गांडुळाचं तोंड कुठल्या बाजूला, हाही तिचाच सवाल. अंगावर जो जाड पट्टा असतो, त्याच्या जवळचं टोक तोंडाचं. डोळे नसतात म्हटल्यावर म्हणाली, "मग चष्मा लागत नसंल." अशी शेतीशाळा घरबसल्या मोबाईलवर होत नाही, ना तिची ना आपली.

आता मुद्द्याचं. औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण आणि कवटी असते. माझ्या हातातल्या डब्याकडं बघून पोरगी म्हणाली, "आबा, हा माणूस दात काढून हसतोय." आपल्याला जो इशारा वाटतो, तो लेकराला हसरा चेहरा वाटतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा असं आपण शिकलो, आणि हिरवासुद्धा निर्धोक नव्हे हेही आपल्याला ठाऊक आहे. चार वर्षांच्या जिवाला हे कोण सांगणार? बीजप्रक्रियेचा रंग खायच्या धान्यापासून बी वेगळं कळावं म्हणून देतात. लेकराला तेच गुलाबी बी गोळ्या-बिस्किटासारखं दिसतं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं गेली. तिथं बारा-पंधरा किलोच्या लेकराचं काय? प्याराक्वाट तणनाशक पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, आणि जीव जायला घोटभरही पुरतं.

म्हणून एवढं करा:

– उरलेलं औषध थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतू नका. मूळ डब्यातच ठेवा.
– औषध आणि रंगीत बी एका पेटीत घालून कुलूप लावा. "घर लहान आहे, ठेवू कुठं" म्हणणाऱ्यांनी जुनी पत्र्याची पेटी काढावी. उंच फळीवर भागत नाही, लेकरू डबा उपडा घालून त्यावर चढतं.
– रिकामे डबे धुऊन घरात वापरू नका. भोकं पाडून निकामी करा.
– फवारणीचे कपडे बदलून, आंघोळ करूनच लेकराला उचला.
– विहीर, शेततळ्याला कुंपण घाला.

चुकून काही पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. त्यावरूनच डॉक्टरांना विष कोणतं ते कळतं.

लेकराला घरात कोंडणं सोपं, कारण त्यात आपल्याला काही बदलावं लागत नाही. पण आज ज्याला मातीची भीती घातली, ते उद्या शेतीत कशाला येईल? कुलूप दीडशे-दोनशे रुपयांत मिळतं. येत्या बाजारी आणा.

तुमच्याकडची लेकरं शेतात काय काय विचारतात, खाली लिहा. उत्तरं मिळून शोधू.